टाकोला थांबता येत नाही

टाको हातात आल्यापासून संपेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, आणि त्याहून जास्त वेळ त्याच्यापाशी नसतोच. तव्यावरून उतरलेली मक्याची तोर्तिया, तिच्यावर बारीक चिरलेलं गरम मांस, कच्चा कांदा, कोथिंबीर, चमचाभर साल्सा आणि वर पिळलेलं लिंबू. हे सगळं एकत्र आलं की मांसाचा रस आणि साल्साचं पाणी तोर्तियात मुरायला लागतं. सुरुवातीला तेच हवं असतं, त्यानेच चव एकजीव होते. पण थोडं थांबलं की तळ ओला होतो आणि आणखी थांबलं की फाटतो. म्हणून चांगल्या टाकेरियात गिऱ्हाईक तव्यासमोर उभं असतं आणि बशी हातात पडताच तिथेच खायला लागतं. लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स भागातल्या अशाच एका दुकानात मी काही वर्षं काम केलं. टाकोबद्दल मला जे काही कळलं आहे, त्यातलं बहुतेक तिथलं आहे.

टाकोत काय काय घालतात, असं मला पुष्कळ जण विचारतात. डुकराचं मांस, गाईच्या गालाचं मांस, जीभ, आतडी, मासळी, बटाटा, घेवड्याच्या बिया, निवडुंग, भोपळ्याची फुलं, ओआहाकामध्ये तर भाजलेले नाकतोडेसुद्धा. यादी संपत नाही, आणि यादीने काही समजतही नाही. मला शहाणं केलं ते दुसऱ्याच प्रश्नाने: हा पदार्थ किती पाणी सोडतो, आणि तोर्तिया ते किती वेळ धरून ठेवील? हा प्रश्न मनात धरला की टाकोतली एकेक वस्तू तिथे का आली, ते आपोआप दिसायला लागतं.

सुरुवात अर्थात मक्यापासून. आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत रोज संध्याकाळी मोठ्या पातेल्यात पांढरा मका शिजायचा. त्यात पडायचा चुना. मी कोल्हापूरकडची, आमच्याकडे गुऱ्हाळावर उसाचा रस उकळताना काहिलीत चुन्याची निवळी घालतात, त्यामुळे अन्नात चुना पडतो याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते चुना मक्याचं जे करतो त्याचं. मक्याच्या वजनाच्या साधारण १ टक्का चुना पाण्यात कालवायचा, मका त्यात अर्धा-पाऊण तास मंद आचेवर शिजवायचा आणि मग रात्रभर तसाच मुरू द्यायचा. मक्याची पिवळट साल सैल होते आणि बोटांनी चोळली की निघते. दाणा फुगतो, पण पुरता शिजत नाही. कापून पाहिला तर मधोमध पांढरा कोरडा ठिपका दिसायला हवा. पाणी पिवळंधमक होतं आणि त्याला एक वेगळा, ओल्या मातीसारखा वास येतो. तो वास पुढे तव्यावरच्या तोर्तियाला येतो. चुन्याशिवाय तो कशानेही येत नाही.

मका शिजवणारे गृहस्थ पुएब्लाचे होते. सगळे त्यांना माएस्त्रो म्हणत. मेक्सिकोत जाणत्या कारागिराला अशी हाक मारतात. मला ते ‘मिहा’, म्हणजे पोरी, म्हणायचे. दोन बोटांत दाणा दाबून ते सांगायचे, झाला की नाही. थंडीच्या दिवसांत चुना तोच, मका तोच, तरी वेळ बदलायची, आणि ते घड्याळाकडे कधी बघत नसत. पहाटे मका धुऊन दळायला जायचा. दळायचे दोन गोल दगड ज्वालामुखीच्या खडकाचे होते. वापरून गुळगुळीत झाले की माएस्त्रो ते उतरवून छिन्नीने स्वतः टाकी लावायचे. दगड बोथट झाला की पीठ गरम होतं, चिकट होतं, आणि तोर्तिया फुगत नाही. दगडातून बाहेर पडणाऱ्या मऊ ओल्या गोळ्याला मासा म्हणतात. तो त्याच दिवशी संपवायचा. दुसऱ्या दिवशी आंबतो.

मक्याच्या साध्या पिठाची भाकरी दुमडायला गेलं की ती चिरते. ‘मासा’ची तोर्तिया दुमडते, गुंडाळता येते, रस धरते, आणि याचं कारण चुनाच. त्याने सालीतले धागे सुटतात, दाण्यातला काही स्टार्च फुलतो आणि सगळं एकमेकांना धरून राहतं. टाको नावाची वस्तू शक्य होते ती इथेच.

चुन्याचा दुसरा गुण पोटाशी संबंधित आहे. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहजी मिळत नाही असं अडकलेलं असतं; चुन्यात शिजवलं की ते मोकळं होतं. युरोपीय लोकांनी मका नेला पण ही कृती नेली नाही. मग जिथे गरीब माणूस नुसत्या मक्यावर जगत होता तिथे पेलाग्रा हा रोग पसरला: कातडी सोलवटणे, जुलाब, शेवटी भ्रम. स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये त्याची नोंद केली. अमेरिकेच्या दक्षिणेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या रोगाने हजारो माणसं मेली. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१४ पासून तिथे काम करून दाखवून दिलं की हा संसर्ग नाही, आहाराचा दोष आहे. १९३७ मध्ये नायसिनचा उलगडा झाला. (दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळे, आणि १९६० च्या सुमारास हैदराबादच्या संशोधकांनी त्यावर महत्त्वाचं काम केलं, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं.) मेक्सिकोतल्या बायका मात्र कितीतरी शतकं रोज रात्री चुन्यात मका भिजत घालत होत्या. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. मासा मळताना मला त्यांच्याबद्दल नेहमी आदर वाटत आला आहे.

आता सारणाकडे येते. आमच्याकडे सर्वांत जास्त खपायचा तो ‘अल पास्तोर’. डुकराच्या मांसाचे पातळ काप सुक्या ग्वाहियो मिरच्या, व्हिनेगर आणि शेंदरीच्या बियांच्या वाटणात मुरवतात, उभ्या सळईवर एकावर एक रचतात आणि आचेसमोर फिरवत भाजतात. ही सळई मेक्सिकोची नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत लेबनॉनकडून आलेले लोक पुएब्लात स्थिरावले, त्यांच्याबरोबर शावर्मा आला. तिथे तो आधी गव्हाच्या पोळीत गुंडाळून ‘अरबी टाको’ झाला. मेंढीच्या जागी डुक्कर आलं, मसाल्याच्या जागी मिरची आली, आणि पुढे मेक्सिको सिटीत मक्याच्या तोर्तियावर त्याचा अल पास्तोर झाला. सुरी फिरते तेव्हा मांसाची फक्त बाहेरची, करपायला आलेली कड निघते. ती जवळजवळ कोरडी असते. म्हणून तिला वरच्या अननसाची फोड सोसते आणि पातळ साल्साही सोसतो.

कार्नितास याच्या उलट. मिचोआकानमध्ये तांब्याच्या मोठ्या कढईत डुकराचं मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास शिजवतात. इथे ओलावा आहे, पण तो पाण्याचा नाही, चरबीचा आहे. चरबीने तोर्तिया फाटत नाही, उलट मऊ होते. मात्र जिभेला काहीतरी आंबट, धारदार लागतं. म्हणून तोमातियो या हिरव्या, आंबट फळाचा साल्सा किंवा लोणच्यातली मिरची. युकातानची कोचिनिता पिबील केळीच्या पानात, आंबट संत्र्याच्या रसात जमिनीखाली शिजते आणि खरोखर रसाळ असते, तेव्हा ती निथळून घ्यावी लागते. बिर्रिया तर रस्साच. तिच्यासाठी तिहुआनाकडच्या लोकांनी जी युक्ती काढली ती मला आजही फार हुशारीची वाटते: रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तवंगात तोर्तिया बुडवायची, तव्यावर कडक करायची, आत चीज आणि मांस घालून दुमडायची, आणि रस्सा वेगळ्या पेल्यात द्यायचा. तवंगाने तोर्तियाला जणू मेण लागतं.

एन्सेनादाच्या मासळीच्या टाकोत लेट्यूस नसतं, कोबी असतो. गरम तळलेल्या माशाखाली लेट्यूस क्षणात मान टाकतं, कोबी टाकत नाही. कांदा-कोथिंबीर कच्ची आणि अगदी शेवटी, कारण मीठ लागलं की कांदा पाणी सोडतो. छोट्या तोर्तिया दोन एकीखाली एक देतात; वरची फाटली तर खालची धरते, आणि पडलेलं मांस तिच्यात गोळा करून दुसरा टाको होतो. निवडुंगाचे तुकडे, आपल्याकडे बांधावर वाढतो त्याच फड्या निवडुंगाच्या जातीचे, बुळबुळीत पाणी पूर्ण आटेपर्यंत परतावे लागतात. पावसाळ्यात कणसावर काणी धरते ती आपला शेतकरी जाळून टाकतो. मेक्सिकोत तिला व्हित्लाकोचे म्हणतात आणि कांदा-लसणीवर परतून टाकोत घालतात. काळीभोर, मातकट आणि थोडी गोड. तिच्याइतकी चव मला मांसाच्या टाकोतही क्वचित मिळाली आहे.

या सगळ्यात मेक्सिकोचं मूळचं काय, हे पाहिलं तर मका, मिरची, टोमॅटो, घेवडा, अवोकाडो, निवडुंग. डुक्कर, गाय, कांदा, कोथिंबीर, लिंबू हे स्पॅनिश लोकांबरोबर आलं. मिरची आणि टोमॅटो पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने आपल्याकडे आले आणि आपल्याच झाले. त्यामुळे टाकोच्या ताटात मराठी माणसाला परकं वाटावं असं फारसं नसतं. परकं वाटायचं ते एकच, चुन्यात शिजलेल्या मक्याची चव, आणि तीच टाकोचा प्राण आहे. १९४९ पासून मेक्सिकोत कोरड्या ‘मासा’चं तयार पीठ कारखान्यातून निघू लागलं. त्याने बायकांचे कितीतरी तास वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. पण ताज्या दळलेल्या ‘मासा’चा वास त्या पिठाला येत नाही.

वेळेचा नियम मोडणारा एक टाको आहे, आणि तो मला सगळ्यांत प्रिय आहे. ‘टाकोस दे कानास्ता’: टोपलीतले टाको. त्लास्काला राज्यातल्या सान विसेंते शिलोशोचित्ला या गावाची ती ओळख आहे. पहाटे घरात तोर्तियांत कुस्करलेला बटाटा, वाटलेला घेवडा किंवा मसाल्यात शिजवलेलं डुकराचं चामडं भरतात, दुमडतात, टोपलीत थरावर थर लावतात, वरून गरम तेल सोडतात आणि कापड-प्लास्टिकात गुंडाळून टाकतात. सायकलवर ती टोपली मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर तासन्‌तास फिरते. आत वाफ कोंडते, टाकोंना घाम फुटतो, आणि दुपारपर्यंत ते इतके मऊ होतात की बोटांनी अलगद उचलावे लागतात. दुसऱ्या टाकोला जे मारतं त्यानेच हा शिजतो. म्हणून सारण नेहमी लगद्यासारखं, न सांडणारं. कच्चा कांदा कधी आत नाही, लोणचं आणि साल्सा वेगळ्या बरणीत. गरीब कष्टकऱ्यांनी कष्टकऱ्यांसाठी बनवलेलं हे खाणं आहे आणि त्यात केवढा विचार आहे!

उत्तरेला सोनोराकडे गहू पिकतो, तिथे गव्हाची तोर्तिया. सीमेपलीकडे, अमेरिकेत, वेळेचा प्रश्न तळून सोडवला गेला. तोर्तिया दुमडून आधीच कुरकुरीत तळून ठेवायची, मग गिऱ्हाईक आलं की भरायची. न्यूयॉर्कमध्ये उपाहारगृह चालवणाऱ्या हुवेन्सियो माल्दोनादो यांना अशा तळणीच्या साच्याचं पेटंट १९५० मध्ये मिळालं. कॅलिफोर्नियात सान बर्नार्दिनोला १९३७ पासून मित्ला कॅफे हे मेक्सिकन कुटुंबाचं दुकान आहे. तिथे असे टाको मिळत. समोरच हॅम्बर्गर विकणाऱ्या ग्लेन बेलने ते पाहिले, शिकून घेतले, आणि १९६२ मध्ये डाउनीला टाको बेल सुरू केलं. कडक टाकोला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवत नाही. मित्लामधल्या बायकांनी आधीपासून केलेली गोष्ट आहे ती, आणि ताजी तळलेली असेल तर फार छान लागते. दुःख एवढंच, की डब्यातली कडक टरफलं खाऊन मोठी झालेली मुलं चुन्याच्या वासाला मुकतात.

पुढे मी एका मोठ्या कार्यालयाच्या कॅन्टीनमध्ये कामाला लागले आणि तिथे माझी टाको सॅलडशी गाठ पडली. तासाभरात शेकडो माणसं जेवून जाणार, बरेच जण डबा भरून मेजावर नेणार आणि बैठक संपल्यावर खाणार. तिथे टाको चालत नाही. थांबता येईल असंच काही हवं. टाको सॅलड नेमकं तेच आहे. त्याचा जन्मही मक्याच्या तळलेल्या पट्ट्यांतून झाला. सान आंतोनियोत एल्मर डूलिनने १९३२ मध्ये एका मेक्सिकन गृहस्थाकडून त्या पट्ट्यांची कृती विकत घेतली, त्यातून फ्रिटोज निघालं. १९५५ मध्ये डिस्नेलँडला या कंपनीचं उपाहारगृह आलं. तिथे मक्याच्या छोट्या तळलेल्या वाटीत घेवडा, मांस, चीज घालून देत. पुढच्या दशकांत वाटी मोठी झाली, लेट्यूस आलं, आणि घरोघरच्या मेजवान्यांत खिमा, लेट्यूस, टोमॅटो, राजमा, चेडार, चिप्स आणि वरून गोड-आंबट लाल ड्रेसिंग असं सॅलड अमेरिकाभर जाऊन पोचलं.

वरवर पाहता एका भांड्यात सगळं टाकायचं. पण चांगलं टाको सॅलड करायला टाकोइतकीच काळजी लागते, फक्त उलट दिशेने. लेट्यूस बर्फाच्या पाण्यात धुऊन पूर्ण कोरडं करायचं. एक थेंब राहिला तरी ड्रेसिंग धरत नाही. खिमा जिरं, लसूण, ओरेगानो आणि मिरचीपूड घालून त्यातलं पाणी आटेपर्यंत परतायचा आणि चरबी निथळून घ्यायची. टोमॅटोच्या बिया काढायच्या. मका तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायचा, घेवडा निथळून त्याला लिंबू-मीठ आधी लावायचं, अवोकाडोच्या फोडी लिंबाच्या रसात. वाटीसाठी गव्हाची मोठी तोर्तिया तेलात घालून मधोमध झाऱ्याने दाबून धरायची म्हणजे कडा वर येतात. रचताना गरम खिमा आणि थंड पाला यांच्यामध्ये घेवड्याचा थर द्यायचा, चीज खिम्यावर, साल्सा आणि आंबट साय बाजूला. असं रचलेलं सॅलड अर्धा तास तग धरतं. तिथे काम करणाऱ्या सेन्योरा, साकातेकासच्या, पहिल्यांदा याला टाको म्हणायला तयार नव्हत्या. पण थर लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मग हे टाको आहे का? माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. लेट्यूस आहे म्हणून नाही, चेडार आहे म्हणूनही नाही. टाकोत यापेक्षा परक्या वस्तू खपल्या आहेत. तोर्तिया हातात घेऊन दुमडणं आणि तीच ताट, तीच चमचा होणं, हे त्यात नाही, म्हणून नाही. ते सॅलड आहे, चांगलं सॅलड आहे, आणि त्याला तेवढा मान द्यावा. न्यायालयांनीही या व्याख्येत हात घातला आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या न्यायालयात २००६ मध्ये बरितो म्हणजे सँडविच का, असा वाद गेला. न्यायाधीशांनी नाही म्हटलं, आणि टाकोलाही त्याच रांगेत बसवलं: सँडविचला पावाचे दोन काप लागतात, यांना एक तोर्तिया. इंडियानातल्या फोर्ट वेनमध्ये २०२४ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी टाको हे मेक्सिकन पद्धतीचं सँडविचच ठरवलं. त्या निकालाने तिथल्या एका टाकोवाल्याला दुकान उघडायची वाट मोकळी झाली, त्याचा मला आनंद आहे. पण पाव भाजून ठेवता येतो, आणि तोर्तिया जिवंत असते तेव्हाच भरावी लागते. एवढा फरक मला तरी दृष्टिआड करता येत नाही.

२०२४ मध्येच मेक्सिको सिटीतल्या ‘एल कालिफा दे लेओन’ या टाकोच्या दुकानाला मिशेलिनचा तारा मिळाला. दुकान इतकं लहान की गिऱ्हाइकं उभ्यानेच खातात. १९६८ पासून चालू आहे. तिथला नावाजलेला टाको म्हणजे बीफचा पातळ कापलेला फिले, मीठ, लिंबू आणि समोर थापलेली तोर्तिया. साल्सा ज्याने त्याने घ्यायचा. ही बातमी आमच्या कॅन्टीनमध्ये कळली तेव्हा सेन्योरांनी हातातलं काम थांबवून टाळ्या वाजवल्या.

कॅन्टीनमध्ये जेवायला येणाऱ्यांत आपली माणसंही पुष्कळ. नाशिकच्या एका मुलीला तोर्तिया घरी शिकायची होती, आणि पुढे सुट्टीत गेल्यावर आईलाही शिकवायची होती. तिला मी जे सांगितलं तेच इथे देते. वाळलेला पांढरा मका घ्यायचा; मधुमका नको आणि लाह्यांचा तर मुळीच नको. १ किलोला १० ग्रॅम खाण्याचा चुना. भरपूर पाण्यात अर्धा-पाऊण तास मंद आच, मग झाकून रात्रभर. सकाळी चोळून धुवायचा, पण सगळी साल काढायची नाही. थोडी राहिली तर गोळा बांधला जातो. ओला दळायचा यंत्रात किंवा पाट्यावर, पाणी हात राखून. गोळा तळहातावर दाबला की कडा चिरल्या तर अजून थोडं पाणी. हाताला चिकटला तर जास्त झालं. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये दाबून तवा खूप तापवायचा. पहिली बाजू थोडी, दुसरी जास्त, परत पहिली, आणि बोटांनी हलकं दाबलं की फुगते. फुगली की कापडात गुंडाळून ठेवायची. आणि सारण आधी तयार हवं, माणसं आधी बसलेली हवीत.